छोट्या कारखान्याने सरकारी निविदा कोणती भरावी, कोणती सोडावी?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. संगमनेरजवळ तुम्हा दोघा भावांचे फॅब्रिकेशनचे शेड आहे. शाळेचे डेस्क-बेंच, लोखंडी कपाटे, रॅक बनवता. खाजगी शाळांचे काम बरे चालते, पण सुट्टीच्या हंगामापुरतेच. म्हणून गेल्या वर्षभरात जिल्हा परिषद, नगरपरिषद, आश्रमशाळा अशा ठिकाणी निविदा भरल्या. बहुतेक ठिकाणी तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडण्याआधी कागदपत्रे तपासतानाच, बाद झालात. एका ठिकाणी तुमचा दर सर्वांत कमी होता, तरी फेरनिविदा निघाली. आता तुम्ही विचारता की ओळखीशिवाय हे काम मिळतच नाही का, एजंटला पैसे देऊन भरून घ्यावे का, आणि उद्यम प्रमाणपत्र (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) असले की अनुभवाची अट माफ होते असे कोणी सांगितले ते खरे का.

मी नाशिक भागात बरीच वर्षे शाळा, वसतिगृहे आणि नगरपरिषदांना फर्निचर पुरवतो. त्यामुळे खाली लिहितो ते वस्तूंच्या पुरवठ्याबद्दल आहे. रस्ते, बांधकाम, पाणीपुरवठा या कामांची नोंदणी वेगळी, वर्ग वेगळे, हिशेबही वेगळा. ते मी इथे आणत नाही. शिवाय प्रत्येक जिल्ह्यात खरेदी करणारे कार्यालय वेगळे वागते. त्यामुळे माझा अनुभव तुमच्याकडे तंतोतंत लागू पडेलच असे नाही, पण विचार करायची पद्धत नक्की लागू पडेल.

तुमची अडचण जिंकण्याच्या आधीची आहे असे मला वाटते. समोर दिसेल ती निविदा भरली जाते आहे. लहान कारखान्याकडे ईएमडीत, म्हणजे निविदेसोबतच्या बयाणा रकमेत, अडकवायला पैसे थोडे आणि कागद जमवायला माणूस एकच, बहुधा तुम्ही स्वतः. त्यामुळे दहा निविदा घाईने भरण्यापेक्षा दोन नीट निवडून भरल्या तर जिंकण्याचे प्रमाण वाढते, आणि जिंकल्यावर पैसे बुडत नाहीत. हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, त्यावर पुढे सविस्तर लिहितो.

आधी उद्यमचा गैरसमज. तुम्हाला ज्यांनी सांगितले ते बहुधा केंद्र सरकारच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणाबद्दल बोलत होते. त्या धोरणात केंद्रीय मंत्रालये आणि केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायची असते. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिला उद्योजकांसाठी ३ टक्के हिस्सा आहे. ईएमडीची सूट आहे. तुमचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला, आणि सर्वांत कमी दरवाला स्वतः सूक्ष्म-लघु नसला, तर त्याच्या दराला येऊन काही हिस्सा पुरवायची संधीही मिळते. हे सगळे खरे आहे, पण केंद्राच्या कार्यालयांपुरते. जिल्हा परिषद, आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय किंवा नगरपरिषद त्यात येत नाही. राज्याची कार्यालयीन खरेदी उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने आलेल्या नियमपुस्तिकेप्रमाणे आणि तिच्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांप्रमाणे चालते. ईएमडीची किंवा अनुभवाची सवलत आहे की नाही, असली तर कशातून, हे त्या त्या निविदेच्या अटींत लिहिलेले असते. तिथे लिहिलेले नसेल तर उद्यम जोडून ईएमडी न भरणे म्हणजे स्वतःहून बाद होणे. तुमच्या दोन निविदा अशाच गेल्या असाव्यात असे तुमच्या वर्णनावरून वाटते.

तरीही उद्यम नोंदणी हवीच, आणि तीही पुरवठा आदेश हातात पडायच्या आधीची. कारण पुढे बिलाच्या वसुलीत येईल. दोन गोष्टी तपासा. नोंदणीत तुमचा व्यवसाय ‘उत्पादन’ म्हणून दाखवला आहे का? नुसता व्यापार दाखवला असेल तर उशिराच्या बिलावरचे कायद्याचे संरक्षण मिळत नाही. व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यममध्ये घेतले ते प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरते. आणि या नोंदणीला सरकारी फी नाही. सरकारी वाटावे अशा नावाची संकेतस्थळे त्यासाठी पैसे घेतात, तिथे भरू नका. तुम्हाला २०१२ च्या धोरणाचा खरा फायदा घ्यायचा असेल तर ओझरचे एचएएल, नाशिकरोडची नोट प्रेस अशा केंद्राच्या कंपन्यांची खरेदी पाहत राहा. तुमच्यापासून ती लांब नाही.

आता पात्रतेची अट. बाद होण्याचे मुख्य कारण इथे असते. बहुतेक निविदांत दोन आकडे असतात: गेल्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल आणि तशाच पुरवठ्याचा अनुभव. केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ मध्ये कामांसाठी एक चौकट सुचवली होती: सरासरी उलाढाल अंदाजित रकमेच्या ३० टक्के, आणि अनुभव म्हणून अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन कामे, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचे एक. राज्यातल्या कार्यालयांवर ती बंधनकारक नाही, पण अटी लिहिताना बरेच जण तिच्याच आसपास राहतात. तिचा उपयोग असा करा की आज आपण कोणत्या रकमेच्या निविदेला पात्र आहोत ते घरी बसूनच काढा.

समजा तुमच्याकडे सरकारी पुरवठ्याचे ४ लाखांचे एकच पूर्ण झालेले काम आहे. ८० टक्क्यांच्या हिशेबाने तुम्ही ५ लाखांच्या निविदेला पात्र. तेवढ्याच रकमेची तीन कामे झाली की ४० टक्क्यांच्या हिशेबाने एकदम १० लाखांच्या निविदेला पात्र. १० लाखांची तीन झाली की २५ लाखांच्या. म्हणजे वाढ होते ती लहान कामांच्या संख्येने, एकदम मोठ्या कामावर उडी मारून नाही. तुम्ही लिहिलेल्या निविदा ३० ते ४० लाखांच्या दिसतात. ४० लाखांच्या निविदेला ८० टक्क्यांचा एक अनुभव म्हणजे ३२ लाखांचे एक काम. ते तुमच्याकडे नाही, म्हणून त्या निविदा भरण्याआधीच हातातून गेल्या होत्या. त्यात कोणाचा डाव असायची गरज नाही.

मग पहिली लहान कामे कुठून आणायची? ई-निविदेची जी रकमेची मर्यादा शासन ठरवते तिच्या खालची खरेदी दरपत्रके मागवून होते. ग्रामपंचायत, पंचायत समिती, लहान नगरपंचायत, ग्रामीण रुग्णालयाची रुग्ण कल्याण समिती, सरकारी आयटीआय, वसतिगृहाचे गृहपाल, अशा ठिकाणी २० बेंच, ६ कपाटे, एखाद्या अंगणवाडीचे रॅक अशी मागणी निघते. जेमवर, म्हणजे केंद्राच्या सरकारी खरेदी पोर्टलवर, विक्रेता म्हणून नाव आणि वस्तू चढवून ठेवा. राज्यातली बरीच कार्यालये आता त्यावरून घेतात. थेट खरेदीच्या रकमेच्या मर्यादा बदलत राहतात, म्हणून आकडा देत नाही. अनुदानित खाजगी शाळांचे काम तुम्ही करतच आहात. काही निविदांत तो अनुभवही चालतो, मात्र जीएसटीचे बिल आणि बँकेतून आलेले पैसे दाखवता आले पाहिजेत. रोखीने आणि कच्च्या चिठ्ठीवर केलेल्या कामाला निविदेत किंमत नाही. आणि काम संपले की त्याच आठवड्यात पूर्णत्वाचा दाखला मागा: आदेश क्रमांक, तारीख, वस्तू, नग, रक्कम आणि ‘समाधानकारक पुरवठा केला’ हे शब्द त्यात हवेत. ज्या अधिकाऱ्याने काम पाहिले तो बदलून गेला की नवा माणूस सही करायला घाबरतो, आणि त्याचे घाबरणे समजण्यासारखे आहे.

कागदांबद्दल फार लिहीत नाही, कारण निविदेतच यादी असते. पण बाद होण्याची कारणे पुन्हा पुन्हा तीच दिसतात. सीएच्या उलाढाल प्रमाणपत्रावर यूडीआयएन, म्हणजे ते ऑनलाइन पडताळण्याचा क्रमांक, नसणे. व्यवसाय कराचे पीटीआरसी (कामगारांच्या कपातीसाठीचे) आणि पीटीईसी (मालकाचे स्वतःचे) यांत गल्लत. प्रतिज्ञापत्र निविदेतल्या नमुन्यात नसणे, किंवा ५०० रुपयांच्या मुद्रांकावर मागितलेले असताना घरात पडलेला जुना १०० चा वापरणे. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात किमान मुद्रांक बहुतेक ठिकाणी ५०० चा झाला, तेव्हा बरेच जण असे अडकले. शुद्धिपत्रक न पाहणे हे तर सर्वांत घातक. निविदा निघाल्यावर तपशील बदलतो, मुदत वाढते, एखादी नवी अट येते, आणि आपण पहिल्या दिवशी उतरवून घेतलेल्या प्रतीवरच काम करत बसतो. भरायच्या आदल्या दिवशी महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर, ती निविदा पुन्हा उघडून पाहणे हा माझा ठरलेला नियम आहे.

महाटेंडर्सवर भरताना तीन ठिकाणी जपा. ईएमडी एनईएफटीने भरत असाल तर शेवटच्या दिवशी भरू नका, कारण पैसे पोचल्याची नोंद दिसेपर्यंत पुढे जाता येत नाही. दराची एक्सेल फाइल जशी उतरवली तशीच वापरा. तिचे नाव बदलले किंवा रकाने हलवले की ती स्वीकारली जात नाही. आणि सगळे चढवून झाल्यावर ‘फ्रीज बिड’ केल्याशिवाय निविदा सादर झालेली नसते. सगळी कागदपत्रे चढली म्हणून निश्चिंत झालेले आणि उघडण्याच्या दिवशी यादीत स्वतःचे नाव शोधणारे लोक मी पाहिले आहेत. पोचपावती छापून फाइलला लावली की मगच उठा.

एजंटबद्दल माझे मत ठाम आहे. कागद स्कॅन करून चढवायला, पोर्टल शिकायला मदत घ्या, त्याची वाजवी मजुरी द्या. पण डिजिटल सहीचे टोकन त्याच्याकडे ठेवू नका आणि दराची फाइल त्याच्यासमोर भरू नका. तालुक्याच्या गावात ई-टेंडर भरून देणारी दुकाने दोन-चारच असतात. तुमचा माणूस तोच, आणि तुमच्या स्पर्धकाचाही तोच. टोकन म्हणजे तुमची सही. ती दुसऱ्याच्या टेबलाच्या खणात राहता कामा नये.

आता दराकडे येतो. इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवावा.

पहिले म्हणजे तपशील वजनात मोजा. बेंचसाठी २५ बाय २५ मिलिमीटर चौकोनी पाइप, जाडी १.२ मिलिमीटर असे लिहिले असेल, म्हणजे आपल्या भाषेत १८ गेज, तर त्याचे वजन मीटरला साधारण ०.९ किलो येते. तोच पाइप ०.९ मिलिमीटर जाडीचा घेतला, म्हणजे २० गेज, तर मीटरला ०.६८ किलो. लोखंडात जवळपास पाव हिस्सा वाचतो. रंग दिल्यावर दोन्ही बेंच सारखेच दिसतात. तुमच्यापेक्षा खूप खाली दर टाकणारा कधी कधी इथूनच खाली गेलेला असतो. त्याच्याशी बरोबरी करायला जाऊ नका. त्याऐवजी निविदापूर्व बैठकीत किंवा मुदतीच्या आत लेखी विचारा: नमुना मागवला जाईल का, पाइपची जाडी मोजली जाईल का, पावडर कोटिंगची जाडी मायक्रोनमध्ये कोण तपासणार, प्रयोगशाळेचा अहवाल कोणाच्या खर्चाने? हे प्रश्न लेखी गेले की उत्तर सगळ्यांसाठी प्रसिद्ध करावे लागते, आणि तपासणी होणार हे कळल्यावर बाकीच्यांचे दरही जमिनीवर येतात. प्रामाणिक कारखानदाराकडे दर राखण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. तपशीलात एकाच कंपनीचे उत्पादन बसेल अशी मापे दिसली तर तेही त्याच पत्रात मांडा. चिडून नको, फक्त ‘समतुल्य चालेल का’ एवढे विचारा.

दुसरे म्हणजे पोच. ‘तालुक्यातील ६० शाळांना जागेवर पोच’ ही एक ओळ तुमचा नफा खाऊ शकते. प्रत्येक शाळेत छोटी गाडी जाईल का, पावसाळ्यात रस्ता आहे का, मुख्याध्यापक रजेवर असतील तर उतरवून कोण घेईल? प्रत्येक शाळेच्या चलनावर मुख्याध्यापकांची सही, शिक्का, नगांची संख्या आणि तारीख हवी. ६० पैकी ३ चलने अपुरी राहिली तर कार्यालय त्या ३ शाळांचे बिल वेगळे काढत नाही, सगळेच थांबवते. यासाठी मी दरात माणसाचा आणि गाडीचा खर्च दुसऱ्या फेरीसकट धरतो.

तिसरे म्हणजे पैसे अडकून राहण्याची किंमत, आणि मुख्य मुद्दा हाच आहे. एक हिशेब करून दाखवतो. आदेश १० लाखांचा, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण बिल ११ लाख ८० हजार. तुमचा साहित्य, मजुरी, रंग, वाहतूक मिळून खर्च ८ लाख ८० हजार, म्हणजे कागदावर नफा १ लाख २० हजार. साहित्य ६ लाखांचे धरले तर त्यावर तुम्ही १ लाख ८ हजार जीएसटी भरून बसलात. तुमच्या बिलावरचा कर १ लाख ८० हजार. तो सरकारकडून पैसे यायच्या आधीच, बिल केलेल्या महिन्याच्या विवरणात भरायचा, म्हणजे आणखी ७२ हजार खिशातून. वर ५ टक्के सुरक्षा अनामत ५० हजार. एकूण ११ लाख १० हजार रुपये तुमचे बाहेर आहेत. बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचे व्याज १२ टक्के धरा. तीन महिन्यांत बिल निघाले तर व्याज ३३ हजार. नऊ महिने लागले तर जवळपास १ लाख. म्हणजे १ लाख २० हजारांचा नफा २० हजारांवर आला, आणि त्या नऊ महिन्यांत खाजगी शाळांचे काम करायला हातात भांडवल उरले नाही. हाच हिशेब तुमच्या आकड्यांनी करा आणि मगच दर टाका. लक्षात ठेवा, अडीच लाखांच्या वरच्या करारावर सरकारी कार्यालय २ टक्के जीएसटी टीडीएसही कापते. ते बुडत नाही, तुमच्या इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये येते, पण ते पोर्टलवर स्वीकारावे लागते. काही कार्यालये आयकराचीही कपात करतात. दोन्ही नोंदी दर तिमाहीला जुळवा.

मग बिल तीन महिन्यांत निघेल की नऊ, हे आधी कसे ओळखायचे? निधी कुठून येतो ते विचारा. निविदा सूचनेत किंवा प्रशासकीय मान्यतेच्या आदेशात लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या तरतुदीतून होणार ते, लिहिलेले असते. राज्याच्या विभागाचा निधी ३१ मार्चला खर्च झाला नाही तर बहुधा परत जातो. जिल्हा परिषदेला जिल्हा वार्षिक योजनेतून आलेला निधी मात्र पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत खर्चता येतो. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला निधी त्यांच्याच हातात असतो. म्हणून फेब्रुवारीत निघालेला, राज्याच्या निधीवरचा, मार्चअखेर पुरवठा मागणारा आदेश मी फार विचार करून घेतो. माल वेळेत पोचला तरी कोषागारात देयक जाण्याआधी बीडीएस, म्हणजे निधी वितरणाचा ऑनलाइन आदेश, निघाला नाही, तर तुमचे पैसे पुढच्या वर्षीच्या तरतुदीची वाट पाहतात. कार्यालयातल्या लेखा शाखेत जाऊन सरळ विचारा: ‘या खरेदीचा निधी प्राप्त झाला आहे की अपेक्षित आहे?’ बरेच लेखाधिकारी खरे उत्तर देतात. ‘अपेक्षित’ असेल तर दरात नऊ महिन्यांचे व्याज धरा, आणि तसा दर बसत नसेल तर सोडून द्या. २०२५ मध्ये राज्यातले कंत्राटदार थकीत देयकांसाठी रस्त्यावर उतरले होते, ते तुम्ही बातम्यांत पाहिले असेल. ज्यांची उधारी भांडवलापेक्षा मोठी झाली होती त्यांचे हाल सर्वांत जास्त झाले. म्हणून कोणत्याही एका वेळी सरकारकडे अडकलेली रक्कम किती असू द्यायची, ती मर्यादा तुम्ही दोघा भावांनी आधीच ठरवून लिहून ठेवा.

बिल अडकलेच तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्याचा आधार आहे. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाने पुरवलेल्या मालाचे पैसे करारात काहीही लिहिले असले तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. तक्रार केंद्राच्या पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकीत बिलांवर निर्णय देणाऱ्या मंडळाकडे, जाते. राज्यात अशा परिषदा विभागवार आहेत. निकालाविरुद्ध कोर्टात जाणाऱ्या खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. परिषदेने ९० दिवसांत निर्णय द्यावा असे कायद्यात आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ जातो. मी हे शेवटचे हत्यार मानतो, कारण त्याच कार्यालयाशी पुन्हा काम करायचे असते. पण ४५ दिवस उलटल्यावर कायद्याच्या कलमाचा उल्लेख असलेले एक शांत, मुद्देसूद स्मरणपत्र आवक क्रमांक घेऊन द्यावेच. फाइलवर ते पत्र आले की लेखा शाखेला उत्तर द्यावे लागते. बांधकामासारख्या एकत्रित कंत्राटांना हा कायदा लागू होतो का, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत आणि बहुतेक निकाल कंत्राटदारांच्या विरुद्ध गेले आहेत. तुमचा माल पुरवठ्याचा आहे, त्यामुळे तुमची बाजू मजबूत आहे. फक्त माल ‘स्वीकारला’ याची तारीख कागदावर हवी. ती म्हणजे तीच मुख्याध्यापकांची चलने.

तुमचा सर्वांत कमी दर असूनही फेरनिविदा का निघाली, हे मी इथून सांगू शकत नाही. पहिल्या वेळी तीनपेक्षा कमी पात्र निविदा आल्या असतील, दर अंदाजित रकमेपेक्षा जास्त असेल, किंवा निधीच बदलला असेल. कारण शोधायला दोन मार्ग आहेत. महाटेंडर्सवर निविदेच्या स्थितीत तांत्रिक छाननीचा सारांश आणि दर उघडल्यावर तुलनात्मक तक्ता कोणालाही दिसतो. न भरलेल्या निविदांचेही तक्ते उघडून पाहायची सवय लावा. तुमच्या जिल्ह्यात तीन आसनी बेंच गेल्या दोन वर्षांत कोणत्या दराला गेला, कोण भरते, कोण कशावर बाद होते, हे सगळे तिथे फुकट उपलब्ध आहे. तेवढ्याने कळले नाही तर १० रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जात निविदा रद्द करण्याच्या टिपणीची प्रत मागा.

राहिला ओळखीचा प्रश्न. ओळख लागते, पण ती कोणत्या प्रकारची हे नीट पाहा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शिक्षण विभागात, समाजकल्याणमध्ये, प्रकल्प कार्यालयात जाऊन यंदा काय खरेदी प्रस्तावित आहे हे विचारणारा, आपला कॅटलॉग आणि एक नमुना बेंच दाखवणारा माणूस मला योग्यच वाटतो. तपशील तयार करणाऱ्या कर्मचाऱ्याला बाजारात काय मिळते हे खरेच माहीत नसते. हे काम निविदा निघण्याआधीचे. निविदा निघाल्यावर तुमचे बोलणे फक्त लेखी आणि पोर्टलवर असावे.

दुसऱ्या प्रकारची ओळख तुमच्याकडे आपणहून चालत येईल. कोणी म्हणेल, ‘आम्ही तिघे आळीपाळीने घेतो, यावेळी तुम्ही फक्त वरचा दर टाका, पुढची तुमची.’ तीन दरपत्रके दाखवायची म्हणून कोणी तुमचे कोरे लेटरहेड मागेल. त्याला रिंग म्हणतात आणि स्पर्धा कायद्याखाली तो फौजदारी गुन्हा नसला तरी मोठ्या दंडाचा विषय आहे. त्याहून वाईट म्हणजे काळ्या यादीत गेलात तर तुमची सगळी लहान कामांची मेहनत वाया जाईल. लाच मागितली गेली तर हेही माहीत असू द्या की २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही आरोपी होतो. ज्याला भाग पाडले गेले त्याने सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवले तरच तो सुटतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. मागणी होतच नाही असे मी म्हणणार नाही. पण टक्केवारी देऊन मिळवलेल्या कामात ते पैसे शेवटी पाइपच्या जाडीतून काढावे लागतात, आणि त्या बेंचवर आपल्याच गावांतली मुले बसतात. म्हणून ज्या कार्यालयाचे नाव या बाबतीत वारंवार कानावर येते तिथे मी भरतच नाही. जिल्ह्यात खरेदी करणारी इतर कार्यालये असतात आणि लहान कारखान्याला वर्षाला चार-पाच चांगले आदेश पुरतात.

तुमच्या जागी मी असतो तर येत्या सहा महिन्यांत १० लाखांच्या वरची एकही निविदा भरली नसती. जेमवर तीन वस्तू नीट फोटो आणि तपशीलासह चढवल्या असत्या, आसपासच्या दोन तालुक्यांतल्या पंचायत समित्या आणि ग्रामीण रुग्णालयांना नमुना दाखवून आलो असतो, आणि झालेल्या प्रत्येक खाजगी शाळेकडून बिलासह पूर्णत्वाचा दाखला घेऊन एक फाइल तयार केली असती. तुम्ही बाद झालेल्या निविदांचा तांत्रिक छाननीचा सारांश पोर्टलवरून काढा आणि त्यात बाद होण्याचे जे कारण दिले आहे ते शब्दशः इथे लिहा. तुमची गेल्या तीन वर्षांची उलाढालही अंदाजाने सांगा. मग तुमच्यासाठी कोणत्या रकमेपासून सुरुवात योग्य, हे नेमके सांगता येईल.